डबल मेजरचा फॉर्म भरण्याआधी: इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी सहा टप्पे

चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला की बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबागेतून फोन सुरू होतात. प्रश्न जवळपास एकच: "काका, मेकॅनिकलबरोबर कॉम्प्युटरही करता येईल का? डबल मेजर म्हणतात ते." मी विचारतो, कॉलेज नक्की काय देतंय? मायनर, ऑनर्स, दुसरं मेजर, की दोन वेगळ्या पदव्या? पलीकडे शांतता. फॉर्म मात्र भरून झालेला असतो, बऱ्याचदा फीसुद्धा.

ही मुलं हुशार आणि कष्टाळू असतात. त्यांचा घोटाळा होतो तो क्रमाचा. आधी फॉर्म, मग टाइमटेबल, आणि "याचा उपयोग काय" हा प्रश्न सातव्या सेमिस्टरला, प्लेसमेंटच्या रांगेत उभं असताना. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे. त्याला दोन रविवार आणि अकॅडमिक सेक्शनच्या दोन फेऱ्या लागतील. एक सेमिस्टर आधी सुरुवात केलीत तर उत्तम.

## तयारी: टेबलावर काय हवं

आतापर्यंतच्या सगळ्या मार्कशीट. आपल्या शाखेची आणि ज्या शाखेकडे डोळा आहे तिची पूर्ण टीचिंग स्कीम, म्हणजे आठही सेमिस्टरचे विषय, तास आणि क्रेडिट (विषयाचं वजन मोजणारा आकडा) असलेला तक्ता. दोन्ही विभागांचं चालू टाइमटेबल. विद्यापीठाचं अकॅडमिक कॅलेंडर. जादा क्रेडिटबद्दलचा विद्यापीठाचा नियम. सीनियरनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला सारांश चालणार नाही, मूळ परिपत्रकच हवं. आणि ट्रेसिंग पेपरचे दोन ताव. ते कशाला, हे चौथ्या टप्प्यात येईल.

तपासणी: दुसऱ्या शाखेची स्कीम तुमच्याच प्रवेशवर्षाची आहे ना? अभ्यासक्रम बदललेला असेल तर जुन्या स्कीमवर केलेलं सगळं नियोजन फुकट जातं.

## टप्पा १: दुसरी शाखा हवी आहे, की पहिली नको आहे?

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

प्रवेशाच्या फेरीत कॉम्प्युटर हुकलं म्हणून सिव्हिल, मेटलर्जी किंवा टेक्स्टाइल घेतलेली बरीच मुलं डबल मेजरकडे मागच्या दारासारखं पाहतात. पण डबल मेजर म्हणजे शाखाबदल नव्हे. पहिल्या शाखेचा एकही विषय त्यात कमी होत नाही. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सचा कंटाळा असलेल्या मुलाला ते सगळे विषय तसेच करायचे असतात, आणि वर दुसऱ्या शाखेचे.

कागदावर दोन ओळी लिहा. पहिली: "माझ्या शाखेतलं मला आवडणारं काम कोणतं?" दुसरी: "दुसऱ्या शाखेतलं कोणतं काम मला त्याच्या जोडीला हवं आहे?" विषयांची नावं लिहायची नाहीत, कामं लिहायची. केमिकलची एक मुलगी आली होती. तिनं लिहिलं होतं, "डिस्टिलेशन कॉलमचं तापमान आणि दाब कंट्रोल व्हॉल्व्हनं कसे सांभाळतात, ते मला स्वतः डिझाइन करायचंय." बडोद्याच्या आसपास हे हवेतलं वाक्य नाही. कोयलीला रिफायनरी आहे, खतांचे कारखाने आहेत, नंदेसरीला केमिकलची वसाहत आहे, आणि या सगळ्या ठिकाणी प्रोसेस आणि इन्स्ट्रुमेंटेशन (मोजमाप आणि नियंत्रणाची उपकरणं) एकमेकांत गुंतलेलं असतं. तिची दुसरी शाखा पहिलीच्या पोटातून आली होती.

त्याच आठवड्यात एका मुलाच्या कागदाची पहिली ओळ कोरीच होती. त्याच्यासाठी डबल मेजर हा चुकीचा रस्ता होता. त्यानं आधी शाखाबदलाचा नियम पाहायला हवा होता. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर, रिकाम्या जागांवर तो मिळतो आणि ती मुदत लवकर संपते. तेही हुकलं असेल तर गेट, म्हणजे एम.टेक.साठीची प्रवेश परीक्षा आहे. तिसऱ्या वर्षात असताना गेटला बसता येतं आणि आपल्या शाखेबाहेरचा पेपरही देता येतो. मेकॅनिकलचा विद्यार्थी कॉम्प्युटर सायन्सचा पेपर देऊ शकतो. गुण तीन वर्षं चालतात. एम.टेक.ला प्रवेश देताना एखादी संस्था मूळ शाखेची अट घालते, तेवढं आधी पाहून घ्यायचं. पहिल्या शाखेशी मनच लागत नसेल तर तिथे निभावण्यापुरतं चांगलं करून पुढची पदवी दुसऱ्या विषयात घेणं, हे दोन्ही डगरींवर पाय ठेवण्यापेक्षा बरं.

सावधान: पहिली ओळ रिकामी राहिली तर पुढचे टप्पे करू नका. आधी शाखाबदल किंवा गेट, या दोन गोष्टींची माहिती काढा.

## टप्पा २: कॉलेज जे देतंय त्याचं खरं नाव शोधा

घरात सगळ्याला "डबल मेजर" म्हणतात, पण कागदावर त्या पाच वेगळ्या गोष्टी आहेत.

मायनर: एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्रीय परिषद) आराखड्यात बी.टेक. सुमारे १६० क्रेडिटचं आहे, आणि मायनरसाठी त्यावर १८ ते २० जादा क्रेडिट लागतात. पदवी एकच, "अमुक शाखेत पदवी, तमुक विषयात मायनर" अशी. आपल्याकडच्या बहुतेक खासगी आणि विद्यापीठीय कॉलेजांत "डबल" म्हणून जे सांगतात ते हेच असतं. वाईट मुळीच नाही, पण ती दुसऱ्या शाखेची पदवी नव्हे.

ऑनर्स: तेवढीच जादा क्रेडिट, पण आपल्याच शाखेत खोलवर.

दुसरं मेजर: दुसऱ्या शाखेचा मुख्य भाग पूर्ण करायचा. आयआयटी कानपूर, आयआयटी हैदराबाद अशा काही संस्थांत याची सोय आहे. क्रेडिट किती, कोणत्या वर्षी अर्ज करायचा आणि किती सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची सरासरी ग्रेड) लागतो, हे संस्थेगणिक बदलतं.

ड्युअल डिग्री: पाच वर्षांत दोन पदव्या, एकाच आखलेल्या अभ्यासक्रमात. आयआयटीतलं बी.टेक. अधिक एम.टेक., किंवा बिट्स पिलानीचं एम.एस्सी. अधिक बी.ई. ही याची उदाहरणं.

दोन स्वतंत्र पदव्या एकाच वेळी: यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) एप्रिल २०२२ मध्ये याला वाट मोकळी केली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायच्या असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक वर्गात आणि दुसरी ऑनलाइन वा दूरस्थ चालते. इथेच लोक फसतात. इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. त्यामुळे "घरबसल्या दुसरं बी.टेक." असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा. ऑनलाइन करता येण्यासारखी दुसरी पदवी म्हणजे आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली बी.एस. ती १४२ क्रेडिटची आहे, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि मधल्या टप्प्यांवर सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. ती वेगळी पदवी आहे, तुमच्या बी.ई.च्या मार्कशीटशी तिचा संबंध नाही.

तपासणी: पाचपैकी नेमकं काय मिळतंय ते एका वाक्यात लिहिता येतंय का? "मायनरसारखंच काहीतरी" असं वाक्य होत असेल तर परिपत्रक पुन्हा वाचा.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण बडोद्यात तशी घरं पुष्कळ आहेत. तिथे डबल मेजर म्हणजे पदवी एक आणि मेजर दोन. दोन पदव्या हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला साधारणपणे बरीच जादा क्रेडिट लागतात. इथून बी.ई. करून तिकडे एम.एस.ला जायचं असेल, तर ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा) डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदमसारखे विषय दिसणं हे "मायनर" या शब्दापेक्षा जास्त कामाचं असतं.

## टप्पा ३: कोणतं दार उघडतं ते पाहा

ज्या नोकऱ्या किंवा अभ्यासक्रम मनात आहेत त्यांच्या दहा जाहिराती शोधा आणि छापून घ्या. प्रत्येकीत पात्रतेच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारा.

सरकारी कंपन्यांच्या जाहिरातींत पात्र शाखांची नावं ठरलेली असतात आणि मूळ पदवी पाहिली जाते. मायनर इलेक्ट्रिकल असलेल्या मेकॅनिकलच्या मुलानं इलेक्ट्रिकलच्या जागेला अर्ज करून काही साधत नाही. खासगी डिझाइन आणि प्रकल्प कंपन्यांत मात्र चित्र वेगळं दिसतं. तिथे पात्रतेच्या ओळीपेक्षा कामाचं वर्णन मोठं असतं, आणि दोन विषय जाणणाऱ्याला त्यात जागा सापडते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत) इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कारखान्यालाही मशीन समजणारा आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) चालवणारा एकच माणूस हवा असतो.

दहापैकी किती जाहिरातींत दुसऱ्या विषयानं खरंच फरक पडला ते मोजा. दोनहून कमी असतील तर तोच वेळ एखाद्या चांगल्या प्रोजेक्टला किंवा इंटर्नशिपला द्या.

## टप्पा ४: तासांचा हिशेब

आता ट्रेसिंग पेपर काढा. एका तावावर आपल्या विभागाचं टाइमटेबल निळ्या शाईनं उतरवा, दुसऱ्यावर दुसऱ्या विभागाचं लाल शाईनं. सोमवार ते शनिवार आडवे, तास उभे, दोन्ही तावांवर एकाच मापाचे चौकोन. मग एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. जिथे निळ्यावर लाल येतं तिथे तुम्ही दोनपैकी एकाच वर्गात असू शकता. लेक्चर आदळलं तर एक वेळ मार्ग निघतो. प्रॅक्टिकल आदळलं तर निघत नाही, कारण बॅच ठरलेल्या असतात आणि जर्नलवर दर आठवड्याला सही लागते. गेल्या वर्षी एका मुलानं माझ्यासमोर असं केलं. बुधवारी दुपारी दोन ते चार फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबवर डेटा स्ट्रक्चर्सची लॅब बरोबर बसली होती. तीन आठवडे ज्या प्रश्नावर घरात वाद चालले होते त्याचं अर्धं उत्तर त्या एका चौकोनानं दिलं.

दुसरा हिशेब विषयांच्या साखळीचा. कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रामिंगनंतर डेटा स्ट्रक्चर्स, त्यानंतर अल्गोरिदम. डेटा स्ट्रक्चर्स झाल्याशिवाय पुढचे विषय पचत नाहीत, आणि काही ठिकाणी घेऊही देत नाहीत. असा पायाचा विषय फक्त विषम सेमिस्टरला शिकवत असतील आणि तो एकदा हुकला, तर पुढची सगळी साखळी वर्षभर मागे जाते. म्हणून दुसऱ्या शाखेचे विषय शेवटच्या सेमिस्टरपासून मागे मांडत या: आठव्यात काय, त्यासाठी सातव्यात काय, त्यासाठी सहाव्यात काय. पाचव्यात पाय ठेवायला जागा उरत नसेल तर ते चार वर्षांत बसणार नाही.

तिसरा हिशेब आठवड्याचा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं धरतात. वर्ग, लॅब, घरचा अभ्यास सगळं त्यात आलं. म्हणजे २० क्रेडिटचं मायनर ६०० तासांचं. चार सेमिस्टरमध्ये वाटलं तर दर सेमिस्टरला १५० तास. पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर आठवड्याला १० तास. ऐकायला सोपं वाटतं.

पण पंधरा आठवडे कुणालाच मिळत नाहीत. मिड-सेमचे दोन गेले. सबमिशन आणि वायवाचा एक गेला. विषम सेमिस्टरमध्ये नवरात्र येतं, आणि बडोद्यातल्या मुलानं "मी गरब्याला जाणार नाही" असं जुलैत म्हटलेलं ऑक्टोबरात टिकत नाही. टिकावं असंही मला वाटत नाही. तो एक आठवडा धरा. एक आजारपणाचा किंवा घरच्या लग्नाचा. उरले दहा. १५० भागिले १० म्हणजे आठवड्याला १५ तास, तेही नेहमीचे वर्ग, जर्नल आणि अभ्यास सांभाळून. वाघोडिया रोडसारख्या लांबच्या कॉलेजला रोज जाऊन-येऊन दीड तास जात असेल तर तोही यातून वजा होणार. दुसऱ्या मेजरला क्रेडिट जास्त असतील तर हाच हिशेब त्या आकड्यानं करा.

तपासणी: मागच्या दोन आठवड्यांत प्रत्यक्षात काय केलंत ते तासागणिक लिहा. मनातलं आदर्श वेळापत्रक नको, झालेलं लिहा. त्यात १५ तासांची जागा दिसते का? झोप सातवरून पाचवर आणून ती निर्माण करत असाल तर जागा नाही असंच समजा.

सावधान: एकही एटीकेटी (नापास होऊन राहिलेला विषय) शिल्लक असेल तर जादा क्रेडिट घेऊ नका. आधी ती सोडवा.

## टप्पा ५: एक विषय आधी करून पाहा

अर्ज करण्याआधी दुसऱ्या शाखेचा एक विषय एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर घ्या. नोंदणीला पैसे लागत नाहीत, परीक्षेची फी वेगळी असते. अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. बारा आठवड्यांचा विषय सहसा ३ क्रेडिटचा धरतात. २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे.

इथली नेहमीची चूक म्हणजे आवडता विषय निवडणं. "आर्टिफिशियल इंटेलिजन्सची ओळख" सगळ्यांनाच आवडते. तुम्ही त्या शाखेचा कोरडा, पायाचा विषय निवडा. कॉम्प्युटरकडे जायचं असेल तर डेटा स्ट्रक्चर्स, इलेक्ट्रिकलकडे असेल तर नेटवर्क थिअरी, केमिकलकडे असेल तर मटेरिअल आणि एनर्जी बॅलन्स. दुसऱ्या शाखेचं रोजचं जेवण हेच आहे. ते घशाखाली उतरतंय का, ते कळायला हवं.

सुरुवातीलाच दोन अटी लिहून भिंतीला लावा. पहिली: असाइनमेंट शेवटच्या रात्री कुणाची तरी पाहून भरावी लागली, असं चार आठवड्यांत दोनदा झालं, तर डबल मेजर नाही. दुसरी: त्याच काळात मूळ शाखेचे इंटर्नलचे गुण मागच्या सेमिस्टरपेक्षा स्पष्ट घसरले, तर डबल मेजर नाही. अटी आधी लिहायच्या, कारण सहाव्या आठवड्यात मन स्वतःशी तडजोड करायला लागतं.

हा विषय पुढे क्रेडिटमध्ये धरून घ्यायचा असेल तर नोंदणीच्या आधी विभागाची लेखी परवानगी घ्या. माझ्या भाचीचं यात नुकसान झालं. तिनं मायनरची सगळी क्रेडिट पूर्ण केली, पण एक ऑनलाइन विषय कॉलेजच्या मंजूर यादीत नव्हता. विभागातल्या सरांनी "होऊन जाईल" असं तोंडी सांगितलं होतं. शेवटच्या सेमिस्टरला क्रेडिट कमी भरली आणि मायनर पदवीवर आलं नाही. तिनं त्यासाठी दोन वर्षांच्या सुट्ट्या घातल्या होत्या. ते आठवलं की आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच पुढच्या टप्प्यावर मी एवढा जोर देतो.

## टप्पा ६: लेखी विचारा, मगच अर्ज करा

अकॅडमिक सेक्शनला ईमेल करा, किंवा अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. विचारायचं ते असं:

पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते शब्द छापले जातील? की ते फक्त मार्कशीटवर येतील?

जादा विषयांचे गुण मुख्य सीजीपीएत मिसळतात का? मिसळत असतील तर जादा विषयातली एक कमजोर ग्रेड चार वर्षांची सरासरी खाली ओढते.

जादा विषयात नापास झालं तर तो चालू बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) धरतात का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. प्लेसमेंटला येणाऱ्या पुष्कळ कंपन्या चालू बॅकलॉग असलेल्याला बसू देत नाहीत. हौसेनं घेतलेल्या जादा विषयामुळे मूळ शाखेच्या इंटरव्ह्यूचं दार बंद झालेलं मी पाहिलं आहे.

दोन्ही शाखांत सामायिक असलेला विषय दोन्हीकडे मोजतात का? इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्ससारख्या जवळच्या जोडीत यावर तीन-चार विषयांचा फरक पडतो.

परीक्षा एकाच दिवशी एकाच वेळी आल्या तर काय? हजेरीची अट जादा विषयांनाही तितकीच लागू आहे का? क्रेडिटमागे फी किती? मधेच सोडायचं असेल तर शेवटची तारीख कोणती, आणि सोडलेला विषय मार्कशीटवर कसा दिसतो?

उत्तर "बघू", "सहसा असं होत नाही" असं आलं तर पुन्हा लिहा. दोनदा लिहूनही लेखी उत्तर न देणाऱ्या ठिकाणी माझा सल्ला साधा आहे: जादा क्रेडिट घेऊ नका. तेच विषय बाहेरून, प्रमाणपत्रासाठी करा.

सगळी उत्तरं हातात आली, जाहिरातींत फरक दिसला, काचेवर लाल-निळं आदळलं नाही आणि पायाचा विषय पचला, तर खुशाल अर्ज करा. पहिल्या सेमिस्टरला एकच जादा विषय घ्या, दोन मिळत असले तरी.

घरी आई-बाबांना या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: या वर्षी काही कार्यक्रमांना येणं होणार नाही, आणि हे मधेच सोडावं लागलं तर तो ठरलेल्या योजनेचाच भाग असेल. कॉलेजनं दिलेल्या माघारीच्या शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल करा. त्या संध्याकाळी मिड-सेमचे गुण, भिंतीवरच्या दोन अटी आणि पहिल्या टप्प्यातला दोन ओळींचा कागद एकत्र काढून बसा, आणि पुढे जायचं की थांबायचं ते त्याच बैठकीत लिहून टाका.